एक्झिट कोड: शून्य, एक आणि बाकीची भाऊगर्दी

प्रश्न थोडक्यात असा आहे की टीमसाठी पायथनमध्ये एक कमांड लाइन टूल लिहिलंय, दोन ठिकाणचा डेटा ताडून फरक सांगणारं, रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा युनिक्सचा प्रोग्राम) चालतं आणि दिवसा जेनकिन्समधून (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर), आणि आता टीममधला एक जण म्हणतो शून्य आणि एक एवढे दोन एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) बास झाले, दुसरा म्हणतो सिसएक्झिट्स नावाची ६४ ते ७८ आकड्यांची तयार यादी आहे ती पाळ, तर स्टँडर्ड नक्की कुठलं.

दोघंही अर्धे बरोबर आहेत. सगळ्या प्रोग्रामनी पाळलीच पाहिजे अशी एकच यादी कुठे नाहीये. सी भाषेचं स्टँडर्ड तीनच गोष्टी मान्य करतं, शून्य, एक्झिट सक्सेस आणि एक्झिट फेल्युअर, बाकी आकड्यांचा अर्थ ज्या त्या सिस्टिमवर सोडून दिलाय. कारण शून्य म्हणजे यश हे सगळीकडे नव्हतंच, व्हीएमएस नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर विषम आकडा म्हणजे काम झालं आणि सम म्हणजे गडबड. युनिक्समध्ये मात्र शून्य म्हणजे ठीक आणि बाकी काहीही म्हणजे काहीतरी बिनसलं एवढं पक्कं, काम नीट व्हायची एकच तऱ्हा असते पण बिघडायच्या छप्पन्न, म्हणून एक आकडा यशाला आणि उरलेले सगळे अपयशाला. सी शिकून आलेली पोरं इथे हमखास गोंधळतात, तिकडे शून्य म्हणजे फॉल्स आणि शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) इफमध्ये शून्य म्हणजे ट्रू.

आता माझं मत. एक्झिट कोड माणूस वाचत नाही, तुमच्या टूलला हाक मारणारी पुढची स्क्रिप्ट वाचते. माणसासाठी स्टँडर्ड एररवर मेसेज छापायचा असतो, कुठली फाइल, कुठली ओळ, काय झालं ते. आकडा फक्त एवढ्यासाठी की हाक मारणाऱ्याने आता काय करायचं, पुढे जायचं, थांबायचं, का पाच मिनिटांनी परत यायचं. त्यामुळे "माझ्या प्रोग्राममध्ये किती प्रकारच्या चुका होऊ शकतात" हे मोजत बसू नका, समोरचा किती वेगवेगळे निर्णय घेणार आहे ते मोजा. सतरा प्रकारच्या एरर असतील आणि सतराही वेळा जेनकिन्स फक्त लाल होणार असेल तर एक कोड पुरे आहे. एका ठिकाणी मी चाळीसेक कोडांची एक्सेल शीट बघितलीय, प्रत्येक एररला नंबर, आणि त्या टूलला चालवणारी स्क्रिप्ट काय बघत होती, तर शून्य आहे का नाही एवढंच.

आकडे किती उपलब्ध आहेत ते आधी समजून घ्या, इथे भलेभले फसतात. जुनं युनिक्स पीडीपी-११ या कॉम्प्युटरवर वाढलं, तिथे इंटिजर १६ बिटांचा, त्यात वेट कॉलला (चालवलेली प्रोसेस संपायची वाट बघणारा कॉल) प्रोसेस कशी संपली हे सांगायचं होतं, म्हणून वरच्या आठ बिटांत एक्झिट कोड, खालच्या सात बिटांत सिग्नल (प्रोसेसला बाहेरून मिळणारा थांब, मर असा इशारा) नंबर आणि एका बिटात कोअर डंप, म्हणजे मरतानाच्या मेमरीची प्रत, पडला का नाही. ती पद्धत आजही लिनक्सवर तशीच आहे म्हणून तुमच्या वाट्याला आठच बिट येतात, ० ते २५५. एक्झिट २५६ म्हटलं की बाहेर शून्य दिसतं, उणे एक म्हटलं की २५५.

हे कळायला मला एक रात्र जागावं लागलं. सुरुवातीच्या नोकरीत एक तपासणी स्क्रिप्ट लिहिली होती, जितक्या ओळी खराब तितका एक्झिट कोड, मला वाटलं केवढी भारी आयडिया, वेगळं काही छापायलाच नको. काही महिने छान चाललं आणि एक दिवस बरोब्बर ५१२ ओळी खराब निघाल्या. ५१२ म्हणजे २५६ गुणिले दोन, म्हणजे शून्य, म्हणजे सगळं आलबेल, आणि ती फाइल पुढे लोड झाली. तेव्हापासून एक्झिट कोडमध्ये मोजदाद भरायची नाही हा नियम, संख्या सांगायचीय तर स्टँडर्ड आउटपुटवर छापा.

बरं, ० ते २५५ पण सगळे तुमचे नाहीत. वरचा टापू शेलने बळकावलाय. १२६ म्हणजे कमांड सापडली पण चालवता आली नाही, बहुतेक वेळा परमिशन. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. क्रॉनमध्ये १२७ दिसला की पहिला संशय पाथवर (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी) घ्या, तुमच्या टर्मिनलचा पाथ लांबलचक असतो आणि क्रॉनचा बिचारा दोन फोल्डरचा. पण प्रोग्राम जागेवर असूनही त्याची शेअर्ड लायब्ररी मिळाली नाही तर लिनक्सवर १२७ च येतो, आणि स्क्रिप्ट विंडोजवर एडिट करून पहिल्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटला असेल तर एन्व्ह कमांड त्या अदृश्य अक्षरासकट इंटरप्रीटर शोधते आणि १२७ देऊन मोकळी होते. फाइल डोळ्यासमोर दिसतेय आणि शेल म्हणतोय नाही सापडली, अशा वेळी डोकं आपटण्याआधी हे दोन बघून घ्या.

१२८ च्या वरचे म्हणजे सिग्नलने मेलेले. १२८ अधिक सिग्नल नंबर. कंट्रोल सी मारलं की सिगइंट, नंबर २, म्हणून १३०. सेगमेंटेशन फॉल्ट ११, म्हणून १३९. सिगटर्म १५, म्हणून १४३. इथे एक बारीक गोष्ट आहे, हा १३९ प्रोग्रामने दिलेलाच नसतो, मेलेला माणूस काय कोड देणार, कर्नल सांगतं की हा अमुक सिग्नलने गेला आणि शेलकडे दाखवायला एकच आकडा असतो म्हणून बॅश, लिनक्सवरचा नेहमीचा शेल, ही बेरीज करतो. कॉर्न शेलची ९३ वाली आवृत्ती २५६ मध्ये बेरीज करते. पायथनच्या सबप्रोसेसमध्ये (दुसरा प्रोग्राम चालवायचं मॉड्यूल) असा मृत्यू उणे सिग्नल नंबर, म्हणजे उणे ९, उणे १५ असा दिसतो, आणि तो आकडा कोणी सरळ सिस एक्झिटला (पायथनचं बाहेर पडायचं फंक्शन) दिला की उणे ९ चा होतो २४७. लॉगमध्ये २४७ किंवा २४१ दिसला आणि कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडेना तर २५६ मधून वजा करून बघा, मधे कुठेतरी पायथनचा रॅपर बसलेला असतो.

१३७ बद्दल मात्र जरा बोललं पाहिजे कारण कंटेनर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या कप्प्यात चालवायची पद्धत) आल्यापासून हा आकडा घरोघरी पोचलाय. १२८ अधिक ९, सिगकिल. दिसला की लोक डोळे झाकून म्हणतात मेमरी संपली, लिमिट वाढवा. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कंटेनर थांबवणारा डॉकर स्टॉप आधी सिगटर्म पाठवतो, दहा सेकंद थांबतो आणि मग सिगकिल मारतो, बऱ्याच मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस डिफॉल्ट ३० सेकंद थांबतं. आता कंटेनरमधली पहिली प्रोसेस जर शेल स्क्रिप्ट असेल आणि तुमचा प्रोग्राम तिच्या पोटात, तर सिगटर्म त्या शेलला मिळतो, तो तुमच्यापर्यंत पोचवत नाही, आणि पीआयडी १ ला, म्हणजे त्या पहिल्या प्रोसेसला, हँडलर (सिग्नल आला की चालणारा कोड) नसेल तर कर्नल सिगटर्म लागूच करत नाही. मग प्रत्येक डिप्लॉयला मुदत संपेपर्यंत वाट बघायची आणि शेवटी १३७. मेमरी दुप्पट केली, चौपट केली, तरी १३७. उपाय एका शब्दाचा असतो, त्या स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या आधी एक्झेक लिहायचं म्हणजे शेलची जागा प्रोग्रामच घेतो, आणि प्रोग्राममध्ये सिगटर्मचा हँडलर ठेवायचा.

म्हणून तुमचे स्वतःचे कोड १२४ च्या खाली ठेवा. १२४ पण का सोडायचा, तर टाइमआउट कमांड वेळ संपली की तोच देते. १२५ डॉकर रन स्वतःच्याच अडचणीला वापरतो, आणि गिट बायसेक्ट रनमध्ये (बग कुठल्या कमिटमध्ये शिरला ते शोधणारी कमांड) १२५ म्हणजे हे कमिट तपासता येत नाही, वगळून पुढे जा. २५५ एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारं टूल) घेतलाय, रिमोटवरच्या कमांडचा कोड तो जसाच्या तसा आणून देतो आणि कनेक्शनच फसलं तर २५५, म्हणजे तुमचं टूल २५५ देत असेल तर रिमोटवर चालवणाऱ्याला कळणारच नाही की टूल पडलं का नेटवर्क. एक्सआर्ग्जला (यादीतल्या नावांवर एकच कमांड चालवत जाणारं टूल) तर २५५ मिळाला की तो पुढचं सगळं तिथेच थांबवतो.

आता सिसएक्झिट्स. ही यादी बर्कलीतून आली, एरिक ऑलमनच्या मेल सॉफ्टवेअरमधून, आधी डिलिव्हरमेल आणि मग सेंडमेल. सेंडमेल पत्र पोचवायला दुसरे प्रोग्राम चालवायचा आणि त्यांनी परत दिलेल्या आकड्यावरून ठरवायचा की पत्र परत पाठवायचं का रांगेत ठेवायचं. ६७ म्हणजे असा युजरच नाही, परत पाठवा. ७५ म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने बघा. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बाहेरचे प्रोग्राम चालवताना अजूनही हाच करार पाळतो. सुरुवात ६४ पासून अशासाठी की इतर प्रोग्राम १, २ असे लहान आकडे आधीच वापरत होते, त्यांच्याशी टक्कर नको. म्हणजे बघा, यादी एका खास गिऱ्हाइकासाठी होती आणि तिथे ती चपखल बसते, त्या गिऱ्हाइकाबाहेर ६७ आणि ६८, युजर नाही आणि होस्ट नाही, यांचं तुमच्या टूलला काय काम?

तरी मी त्यातले दोन आनंदाने घेतो. ७५, कारण "परत प्रयत्न करून बघ" हा खरोखर वेगळा निर्णय आहे, आणि ७८, कॉन्फिग चुकलंय, म्हणजे "हजारदा प्रयत्न केलास तरी काही होणार नाही". सिस्टिमडीत (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) रिस्टार्ट ऑन फेल्युअर, म्हणजे पडली की परत उठव, असं लावलेलं असतं तेव्हा या दुसऱ्याची किंमत कळते, कॉन्फिगमध्ये एक स्वल्पविराम चुकला म्हणून सर्व्हिस उठते पडते उठते पडते आणि लॉग भरून वाहतो. रिस्टार्ट प्रिव्हेंट एक्झिट स्टेटस या सेटिंगमध्ये ७८ लिहून ठेवा, ती पहिल्याच फटक्यात गप बसेल. बाकी बारा तेरा कोड पाठ करायची गरज नाही. आणि ७७ पासून जरा जपून, सिसएक्झिट्समध्ये तो परवानगी नाही असा आहे पण ऑटोमेक या बिल्ड टूलच्या टेस्टमध्ये ७७ म्हणजे ही टेस्ट वगळली.

एकाच आकड्याचे दोन अर्थ हा प्रकार तर सगळीकडेच आहे. उबुंटूवर ॲप्ट-गेट १०० देतो तेव्हा एरर आलेली असते, फेडोरावर डीएनएफ चेक-अपडेट १०० देतो तेव्हा सांगायचं असतं की अपडेट आलेत, सगळं छान आहे. विंडोजच्या रोबोकॉपी या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडमध्ये १ म्हणजे फाइल नीट कॉपी झाल्या, ८ पासून पुढे खरी भानगड, आणि हे माहीत नसलेल्या प्रत्येक सीआय पाइपलाइनने (जेनकिन्ससारखी आपोआप चालणारी बिल्डची साखळी) कधी ना कधी यशस्वी कॉपीवर बिल्ड पाडलेलं आहे. त्यामुळे दुसऱ्याचं टूल वापरताना त्याच्या मॅन पेजचा एक्झिट स्टेटसवाला भाग वाचायचाच, अंदाज करायचा नाही.

तुमचं टूल फरक शोधणारं आहे, म्हणजे ग्रेप आणि डिफच्या गोत्रातलं. त्यांचा जुना करार आहे, ग्रेपला ओळ सापडली तर ०, नाही सापडली तर १, खरीच अडचण आली तर २. डिफमध्ये सारखं असेल तर ०, फरक असेल तर १, अडचण असेल तर २. म्हणजे १ ही चूक नाही, ते उत्तर आहे. (शेलमध्ये सेट -ई, म्हणजे कमांड फसली की थांब, लावून ग्रेप चालवला आणि काही सापडलं नाही तर अख्खी स्क्रिप्ट मुकाट्याने मरते ती यामुळेच.) करार चांगला आहे, उचलायला हरकत नव्हती, पण पायथनमध्ये त्यात एक खड्डा आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथेच आहे.

पायथनमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं की प्रोग्राम १ देऊन पडतो. म्हणजे तुम्ही १ ला "फरक सापडला" असा अर्थ दिलात, आणि उद्या कोणाच्या मशीनवर एखादं मॉड्यूल इन्स्टॉल नाही म्हणून पहिल्याच ओळीला ट्रेसबॅक आला, तर जेनकिन्सला वाटणार फरक सापडला. रात्री क्रॉनची स्क्रिप्ट ते फरक दुरुस्त करायला निघणार, आणि फरक तर नाहीतच. इम्पोर्ट तुमच्या मेनच्या आधी होतं त्यामुळे मेनभोवती कितीही ट्राय एक्सेप्ट गुंडाळलं तरी तिथे उपयोग नाही. शिवाय आर्गपार्स, कमांड लाइनचे ऑप्शन वाचणारं पायथनचं मॉड्यूल, चुकीच्या ऑप्शनला २ देतं, तो पण गेला. गो भाषेत पॅनिक झालं, म्हणजे प्रोग्राम क्रॅश झाला, की २ येतो, रस्ट भाषेत १०१, प्रत्येक भाषेचे असे आधीच ठरलेले आकडे असतात. म्हणून पायथनमध्ये मी १ ला काही अर्थच देत नाही, तो क्रॅशसाठी सोडतो, २ वापरायला चुकलं म्हणून, आणि उत्तराला ३ किंवा त्याच्या पुढचा आकडा. ग्रेपसारखं दिसत नाही, पण खोटंही बोलत नाही.

तर तुमच्या टूलसाठी माझी मांडणी अशी राहील: डेटा जुळला ०, काहीतरी फुटलं १, ऑप्शन चुकले २, फरक सापडला ३, समोरचा डेटाबेस किंवा सर्व्हर तात्पुरता बंद आहे ७५, आणि कॉन्फिगची फाइल चुकली असेल तर ७८, तेही कोणी वेगळं वागणार असेल तरच. फरक किती आणि कुठले ते स्टँडर्ड आउटपुटवर.

पायथनचं अजून एक. सिस एक्झिटला स्ट्रिंग दिली की ती स्टँडर्ड एररवर छापली जाते आणि कोड १ जातो, सोयीचं आहे. पण आउटपुट एखाद्या भरलेल्या डिस्कवर वळवलेलं असेल आणि शेवटचा फ्लश (साठवलेलं आउटपुट बाहेर लिहून टाकणं) फसला तर तुमचा शून्य बाजूला राहतो आणि १२० येतो. हे ३.६ पासून आहे. १२० बघून कोणी विचारलं तर तुमचा बग नाही, डिस्क बघा.

आता हाक मारणाऱ्याची बाजू, कारण तुम्ही कितीही नीट कोड दिलात तरी शेल तो वाटेत हरवू शकतं. सगळ्यात महाग पडणारी जागा पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीच्या इनपुटला जोडणं. पाइपलाइनचा कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. एका क्लायंटकडे मायएसक्यूएल डंप काढून तो जीझिपला पाइप केलेला होता, खाली तपासणी होती, कोड शून्य आला तरच "बॅकअप झाला" मेल. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, डंप रोज रात्री पडत होता, आणि जीझिप रिकामं इनपुट व्यवस्थित कॉम्प्रेस करून शून्य देत होता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. रोज सकाळी मेल येत होता आणि बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटच्या फाइलींची रांग, रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल बरोबर तेवढीच होते. बॅशमध्ये सेट -ओ पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली की सगळ्याचा कोड अपयशाचा) ही एक ओळ वरती टाकली असती तर पहिल्या रात्रीच कळलं असतं. तुमचं टूल कोणी टी कमांडला (आउटपुट दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते) पाइप करून लॉग ठेवत असेल, आणि ठेवतातच, तर हेच होणार.

दुसरी जागा, बॅशच्या फंक्शनमध्ये लोकल आणि कमांडचं आउटपुट एकाच ओळीत लिहिणं. लोकल ही (फंक्शनपुरतं व्हेरिएबल बनवणारी) स्वतःच एक कमांड आहे, ती यशस्वी होते, आणि आतल्या कमांडचा कोड गायब. आधी लोकल लिहा, मग खालच्या ओळीत व्हॅल्यू भरा. आणि $? मधला आकडा, म्हणजे आत्ताच संपलेल्या कमांडचा कोड, पुढच्या कमांडने लगेच पुसला जातो, मधे एक इको टाकलात की संपलं, त्यामुळे लगेच व्हेरिएबलमध्ये घ्या.

क्रॉनला तर तुमच्या कोडशी काही देणंघेणं नाही. तो आउटपुट असेल तर मेल पाठवतो, नसेल तर गप्प, शून्य आहे का ७५ हे बघतच नाही. लोक आउटपुट डेव्ह नलला, म्हणजे कचऱ्यात, पाठवून देतात आणि मग टूल कितीही ओरडलं तरी कोणाला ऐकू येत नाही. म्हणून क्रॉनमध्ये टूल थेट न लावता पाच ओळींची स्क्रिप्ट मधे ठेवा, जी कोड बघेल, ७५ असेल तर दहा मिनिटांनी अजून एकदा चालवेल, ३ असेल तर डेटावाल्यांना कळवेल, आणि बाकी काहीही असेल तर तुम्हाला.

जेनकिन्समध्ये शेल कमांड चालवणारी एसएच स्टेप शून्य सोडून काहीही आलं की बिल्ड पाडते, तुमचा ३ पण पाडेल. तिथे रिटर्न स्टेटस ट्रू केलं की आकडा हातात मिळतो आणि ३ ला अनस्टेबल म्हणजे पिवळं करता येतं, पण मग बाकीचे कोड बघून बिल्ड पाडायची जबाबदारीही तुमच्याच अंगावर येते, ते विसरलात तर क्रॅश झालेलं टूलसुद्धा हिरवं दिसेल. कोडांचा अर्थ हेल्पच्या शेवटी चार ओळींत लिहून टाका, आणि प्रत्येक कोडला एक टेस्ट, सबप्रोसेसने खरं टूल चालवून, मेन फंक्शन थेट बोलावून नाही, नाहीतर इम्पोर्टवाला १ टेस्टमध्ये कधीच दिसणार नाही.